जुनी बुलेट, घरचे पार्ट आणि बाजारातले पार्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे वर्कशॉप आहे. एक लेथ, एक पिलर ड्रिल, वेल्डिंगचे दोन संच आणि वाइसने भरलेले एक लांब टेबल एवढाच त्याचा पसारा आहे. येथे प्रामुख्याने ओतीव लोखंडी सिलिंडरच्या जुन्या बुलेट ३५० येतात. मालकांना त्या आपल्या मनाप्रमाणे करून हव्या असतात, आणि गाडी आत घेण्यापूर्वी ते जे प्रश्न विचारतात ते साधारण सारखेच असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणे बुलेटची असली तरी कामाची पद्धत कोणत्याही साध्या बांधणीच्या मोटारसायकलला लागू पडते. कॉम्प्युटर आणि इंजेक्शन असलेल्या नव्या गाड्यांचे प्रश्न वेगळे आहेत.

कोणते पार्ट वर्कशॉपमध्ये बनवावेत आणि कोणते बनवू नयेत?

आम्ही प्रत्येक पार्टला एकच प्रश्न विचारतो: हा चालत्या गाडीवर तुटला तर काय होईल? साइड पॅनेल तुटले तर ते रस्त्यावर पडेल आणि मालकाला वाईट वाटेल. चाकाचा एक्सल, हँडल, पुढचे शॉकअप धरणारी टी, मागचा चिमटा (मागचे चाक धरणारा फ्रेमचा हात), ब्रेकचा लिव्हर किंवा मागच्या ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी यांपैकी काही तुटले तर माणूस पडेल. म्हणून दुसऱ्या यादीतील एकही वस्तू आम्ही स्वतः बनवत नाही, आणि गिऱ्हाईक आग्रह करू लागले तर काम परत करतो.

पहिली यादी मात्र बरीच मोठी आहे. हेडलाइटचे ब्रॅकेट, नंबर प्लेटची पट्टी, मडगार्डचे स्टे, सीटचा पत्र्याचा तळ, टूल बॉक्स, बॅटरीची पेटी, साइड पॅनेल, सामानाचा कॅरियर, पॅनेलखालचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या नळ्या) या सगळ्या गोष्टी हाताने उत्तम होतात. एक्सलवरचा स्पेसर दिसायला साधी नळी असली तरी त्याची दोन्ही तोंडे काटकोनात नसतील तर बेअरिंगवर तिरका दाब येतो, म्हणून तो लेथवर एकाच पकडीत दोन्ही बाजूंनी साफ झाला पाहिजे. कानशीने घासून बसवलेला स्पेसर आम्ही पाहताक्षणी काढून टाकतो.

एक्सल आम्ही का करत नाही, असे अनेक टर्नर विचारतात, कारण मापाने तो त्यांना सहज कातता येतो. अडचण मापाची नसते. बाजारातून आणलेली सळई कोणत्या जातीच्या पोलादाची आहे, तिच्यावर उष्णतेची कोणती प्रक्रिया झाली आहे हे दुकानात नुसते पाहून कळत नाही. आट्याच्या शेवटी टूलची धारदार खाच राहिली तर तडा तिथूनच सुरू होतो, आणि तो आतपर्यंत पोहोचेपर्यंत वरून काहीही दिसत नाही.

काम कोठून सुरू करावे?

गाडी खोलण्यापूर्वी ती आहे तशी दोन दिवस चालवावी. हँडल सोडल्यावर ती एका बाजूला ओढते का, कोन सेट (हँडल ज्यावर वळते ती मानेतली बेअरिंग) ढिला आहे का, इंजिन गरम झाल्यावर आवाज बदलतो का, हे लिहून ठेवावे. आधीचे दुखणे आणि नव्या कामाने आलेले दुखणे वेगळे करण्याचा दुसरा मार्ग नाही. त्यानंतर सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत, विशेषतः केबल आणि वायर कोणत्या बाजूने कशा गेल्या आहेत त्यांचे. इंजिन आणि ब्रेक ठीक झाल्याशिवाय रंगाचा विचार करू नये. आमच्याकडे अर्धवट सोडलेल्या ज्या गाड्या येतात त्यांतील बहुतेकांची टाकी चकचकीत आणि इंजिन पोत्यात असते.

कायद्याने कोणते बदल चालतात?

हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ असाच स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

व्यवहारात याचा अर्थ असा, की फ्रेम कापून मागचा भाग आखूड करणे, दोन माणसांची गाडी एका सीटची करणे, दुसऱ्या क्षमतेचे इंजिन बसवणे हे बदल केवळ आवडीचे म्हणून करता येत नाहीत. त्याच प्रकारचे इंजिन बदलायचे असले तरी आरटीओची मंजुरी घ्यावी लागते आणि नोंद करून घ्यावी लागते. रंगही नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो, त्यामुळे काळी गाडी लाल करण्यापूर्वी अर्ज करावा. मागे बसणाऱ्यासाठी पकडायची मूठ, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये सांगितलेले आहे. साडी गार्ड काढून टाकण्याची मागणी रोज होते, पण ओढणी किंवा पदर चाकात गेल्यावर काय होते हे ज्याने एकदा पाहिले आहे तो ही मागणी पुन्हा करत नाही. आरसे आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट हेही काढू नयेत.

विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडकण्याची शक्यता असते.

आणखी एक गोष्ट कागदाइतकीच महत्त्वाची आहे. १५ वर्षांनंतर पुनर्नोंदणीच्या वेळी चेसिस नंबर तपासला जातो आणि त्याचा पेन्सिलीने ठसा घेतला जातो. पावडर कोटिंगचा जाड थर त्या नंबरावर बसला, किंवा पेंटरने पुटी भरून ती जागा गुळगुळीत केली, तर मालकाला आपलीच गाडी आपली असल्याचे सिद्ध करत फिरावे लागते. आमच्याकडे फ्रेम कोटिंगला जाण्यापूर्वी त्या जागेवर उष्णता सहन करणारी टेप लावली जाते, आणि गाडी मालकाच्या ताब्यात देताना तो नंबर त्याला बोट ठेवून दाखवला जातो.

बाजारातील पार्ट चांगला की वाईट हे कसे ओळखावे?

पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत बुलेटचा जवळजवळ प्रत्येक पार्ट तीन-चार दर्जांमध्ये मिळतो, आणि पुडक्यावरचे छापकाम पाहून दर्जा कळत नाही. व्हर्निअर (बारीक माप घेण्याचे साधन) बरोबर न्यावा. जुना पार्ट नेता आला तर उत्तम. वजन हातात तोलून पाहावे, ओतीव भागाच्या आतल्या कोपऱ्यांत छिद्रे आहेत का ते पाहावे, आणि आट्यात बोटाने बोल्ट फिरवून बघावा. क्रोम चमकते म्हणून समाधान मानू नये, कारण पातळ क्रोमखालचा पत्रा कोकणच्या एका पावसात वर येतो.

ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, कोन सेट आणि टायर यांत स्वस्त वस्तू घेऊ नये. आरसे, ग्रिप, सीट कव्हर, इंडिकेटर यांत काटकसर करायला हरकत नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे.

नवा बोल्ट दोन आटे जाऊन अडकतो. पान्याने दाबून बसवावा का?

कदापि नाही. जुनी बुलेट इंग्रजी आराखड्यावर तयार झालेली असल्याने तिच्यात बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, म्हणजे बारीक इंची आटे), सायकल थ्रेड (इंग्रजी सायकलींचे आटे) आणि मेट्रिक (मिलिमीटरचे) असे तिन्ही प्रकारचे आटे एकाच गाडीवर सापडतात. ५/१६ इंची बीएसएफ बोल्टची जाडी ७.९४ मिमी असते आणि त्याला इंचाला २२ आटे असतात. ८ मिमीचा साधा मेट्रिक बोल्ट डोळ्याला तसाच दिसतो, पण त्याचा पिच (दोन आट्यांतील अंतर) १.२५ मिमी, म्हणजे इंचाला सुमारे २० आटे असतो. तो बोटाने एक-दोन फेरे आत जातो आणि मग घट्ट होतो. घट्ट झाला म्हणजे बसला, असा नवख्याचा समज होतो, तो पाना लावतो, आणि अॅल्युमिनियमच्या केसमधील आटे चांदीच्या तारेसारखे गुंडाळून बाहेर येतात.

थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायची पट्टी, ही अगदी स्वस्त वस्तू आहे आणि ती खिशात ठेवावी. आटे गेलेच असतील तर भोक मोठे करून जाडा बोल्ट घालण्यापेक्षा हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी) बसवावे, म्हणजे मूळ मापाचा बोल्ट पुन्हा वापरता येतो.

हाताने बनवलेले ब्रॅकेट वारंवार का तुटते?

या बुलेटच्या इंजिनात ७० मिमीच्या बोअरचा एकच पिस्टन ९० मिमीचा लांब फेरा मारतो, आणि त्याचा हादरा फ्रेममधून प्रत्येक पट्टीपर्यंत पोहोचतो. ब्रॅकेट एखाद्या धक्क्याने तुटत नाही, ते लाखो लहान हेलकाव्यांनी थकून तुटते, आणि म्हणून जाड पट्टी वापरली की प्रश्न सुटेल हा समज चुकीचा ठरतो.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका गिऱ्हाइकासाठी मी टेललाइट आणि नंबर प्लेटचे ब्रॅकेट ५ मिमीच्या पट्टीतून केले होते. काटकोनात वाकवले, कोपरा दिसायला टोकदार हवा म्हणून वाकवण्याआधी आतून हॅक्सॉने हलकी खाच घेतली आणि वरून वेल्डिंगचा एक टाका मारला. ते इतके भक्कम वाटत होते की मी त्यावर हाताने भार देऊन दाखवला. दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा तडा बरोबर वेल्डिंगच्या काठाने, खाचेच्या रेषेत गेला होता. अर्धा भाग जुना, गंजून तपकिरी झालेला होता आणि उरलेला अर्धा करडा, दाणेदार आणि ताजा होता. म्हणजे तो पहिल्या काही दिवसांतच सुरू झाला होता आणि नंतर मुकाट्याने पुढे सरकत राहिला होता. ते दोन रंग मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतरची आमची रीत अशी आहे. पट्टी ३ मिमीची घ्यावी आणि ती पट्टीच्या जाडीपेक्षा मोठ्या गोलाईवर वाकवावी. आतल्या कोपऱ्यात खाच, करवतीची रेघ किंवा खोल मार्किंग ठेवू नये. भोके काठापासून भोकाच्या व्यासाएवढ्या अंतरावर तरी असावीत, आणि ड्रिल झाल्यावर दोन्ही बाजूंची धार मोठ्या ड्रिलने काढावी. कडा कानशीने लांबीच्या दिशेने घासाव्यात, आडव्या घासू नयेत, कारण आडवा ओरखडा हीच तड्याची पहिली पायरी असते. जिथे वाक आहे तिथे वेल्डिंग नको. शक्य असेल तिथे ब्रॅकेट रबर बुशवर बसवावे आणि लांब हात एका टोकावर लोंबकळत न ठेवता दोन ठिकाणी धरावा.

फ्रेमच्या नळीवर थेट वेल्डिंग करून ब्रॅकेट जोडू नये. क्लॅम्प करून धरावे. नळीला धक्का लागत नाही, आणि पुढे ते काढायचे झाले तर काढता येते.

टाकीला छिद्र पडले आहे. वेल्डिंग करता येईल का?

करता येते, पण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते हे आधी लक्षात घ्यावे. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की ते मिश्रण स्फोटक होते, आणि काल रिकामी केलेल्या टाकीत नेमके तेवढेच उरलेले असू शकते. कॉक आणि झाकण काढावे, टाकी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुवावी, आणि काम करताना फक्त वेल्डिंगच्या जागेपुरती रिकामी ठेवून बाकी पाण्याने भरावी. वास येत नाही ही खात्री पुरेशी नाही. ज्या वेल्डरला ही पद्धत माहीत नाही त्याच्याकडे टाकी नेऊ नये, आणि घरी तर हे काम मुळीच करू नये.

बारीक गंजाच्या छिद्रांसाठी वेल्डिंगपेक्षा आतून सायट्रिक अॅसिडने गंज काढून, पूर्ण वाळवून, पेट्रोलला टिकणारा टाकीचा खास लेप देणे बरे पडते. नवीन झाकण घेतले असेल तर त्याचे हवेचे छिद्र उघडे आहे ना ते पाहावे. ते बंद असेल तर गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते, आणि लोक कार्बोरेटर खोलत बसतात.

सायलेन्सर बदलल्याने ताकद वाढते का?

आवाज वाढतो, आणि कान त्यालाच ताकद समजतात. या इंजिनाची ताकद मुख्यतः त्याचे कमी कॉम्प्रेशन, लहान कार्बोरेटर आणि हेडमधील वाटा यांनी बांधलेली असते. केवळ आतली जाळी काढलेला पोकळ सायलेन्सर लावला तर मिश्रण हवेकडे झुकते. सोडलेल्या थ्रॉटलवर फटफट आवाज येतो, प्लगचे टोक गव्हाळ राहण्याऐवजी पांढरे पडते, बेंड पाईप निळा होतो, आणि असेच चालवत राहिले तर एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो. बदल करायचाच असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलचे मुख्य छिद्र) एकेका पायरीने वाढवून, चढावर पूर्ण थ्रॉटलमध्ये चालवून, इंजिन तिथेच बंद करून प्लग पाहावा लागतो. हे कष्ट फारच थोडे लोक घेतात.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर १७५ सीसीवरील मोटारसायकलसाठी निर्मितीच्या टप्प्यावर ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि आवाज व धूर यांच्या मर्यादा मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही यांची तरतूद आहे. लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाऊ शकते. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोलर फिरवला आहे.

माझे स्वतःचे मत याहून साधे आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे. बुलेटचा मूळ डगडग आवाज भरपूर आहे, आणि पहाटे साडेपाचला कोणाचे तरी आजारी माणूस जागे करण्याचा अधिकार कोणालाही नाही. फटाके फोडणारे सायलेन्सर आम्ही बसवत नाही.

पुढचा स्प्रॉकेट मोठा केला तर गाडी जास्त पळेल का?

१६ दात्यांच्या जागी १७ दात्यांचा स्प्रॉकेट घातला तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतात. पुणे-बंगळूर हायवेवर ६०-७० च्या वेगात हा फरक अतिशय सुखद वाटतो, हादरा कमी होतो आणि हाताला मुंग्या येत नाहीत. पण तेवढीच ओढ कमी होते. मागे माणूस आणि सामान घेऊन गगनबावड्याचा करूळ घाट चढताना जिथे तिसरा गिअर पुरत होता तिथे दुसरा घालावा लागतो. ज्यांचे फिरणे घाटातले आणि शेतातले आहे त्यांनी मूळ स्प्रॉकेट ठेवावा. या गाडीत तो क्लचच्या मागे असल्याने बदलण्यासाठी प्रायमरी कव्हर आणि क्लच उतरवावा लागतो, म्हणून नंतर पाहू असे न म्हणता क्लचचे काम निघेल तेव्हाच निर्णय घ्यावा. चेन जुनी ठेवून फक्त स्प्रॉकेट नवा घालू नये.

रुंद टायर बसवावेत का?

रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याची पाठ जास्त गोल होते आणि रस्त्याला लागणारा पट्टा अपेक्षेइतका वाढत नाही. चेन आणि मडगार्डपासूनचे अंतर चाक हाताने फिरवून नव्हे, तर दोन माणसे बसवून, शॉकअप दाबलेले असताना पाहावे. टायरच्या घेरामुळे स्पीडोमीटरही बदलतो. १९ इंची रिमवर ९०/९० टायरचा व्यास सुमारे ६४५ मिमी होतो आणि १००/९० चा सुमारे ६६३ मिमी, म्हणजे जवळजवळ ३ टक्के जास्त. पुढच्या चाकावरून चालणारा काटा तेवढा कमी वेग दाखवेल. आऱ्यांच्या चाकात ट्यूबलेस टायर नुसता ट्यूब काढून चालवता येत नाही, कारण हवा आऱ्यांच्या भोकांतून निघून जाते.

हँडल बदलताना काय पाहावे?

हँडल तयारच घ्यावे, नळी वाकवून बनवू नये आणि जुन्या हँडलला वेल्डिंगचा जोड देऊ नये. पकडीच्या जागी बहुतेक हँडल २२ मिमीचे असते. जाडी कमी असेल तर पत्र्याचा तुकडा गुंडाळून टी मध्ये आवळण्याची प्रथा आहे, ती घातक आहे.

बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवावे. वळवताना इंजिनाचे फेरे वाढले तर थ्रॉटलची केबल ताणली जात आहे. अरुंद गल्लीत गाडी वळवताना ती आपोआप पुढे उडी घेईल. क्लच आणि ब्रेकच्या केबलींचीही अशीच परीक्षा घ्यावी, आणि वायरचा जुडगा मानेपाशी चिमटत नाही ना ते बोट घालून पाहावे.

मोठा हेडलाइट लावल्यावर स्विच गरम होतो. उपाय काय?

रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, लावावा. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर घेतो, आणि तो सगळा प्रवाह जुन्या, काळ्या पडलेल्या हँडलच्या स्विचमधून जाऊ लागला की स्विच तापतो आणि बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीतून फ्यूज घालून थेट वायर द्यावी, ८७ वरून बल्बकडे न्यावी, ८६ ला स्विचची वायर आणि ८५ ला अर्थ द्यावी. स्विचला आता फक्त रिलेचे कॉइल चालवायचे असते. हाय आणि लो बीमसाठी दोन वेगळे रिले लागतात. फ्यूज बॅटरीपासून हातभर लांब न ठेवता अगदी जवळ असावा, कारण त्याच्या अलीकडची वायर घासली तर तिला कोणतेही संरक्षण नसते.

त्याआधी जुना अल्टरनेटर एवढा भार पेलतो का हे दिवा आणि ब्रेक लाइट लावून, मध्यम वेगाला बॅटरीवर मीटर लावून पाहावे. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारे जादा दिवे लावू नयेत. एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते फार वेगाने लुकलुकत असतील तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) इलेक्ट्रॉनिक घ्यावा.

जुन्या ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक बसवता येतो का?

बसवायचा तर नंतरच्या मॉडेलचा पुढचा संपूर्ण संच, म्हणजे टी, शॉकअप, चाक, २८० मिमीची डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर एकत्र घ्यावा, आणि हा बदल नोंदणीच्या दृष्टीने चालेल का हे आधी आरटीओत विचारावे. जुन्या शॉकअपवर वेल्डिंग करून कॅलिपरची पट्टी जोडलेली गाडी एकदा आमच्याकडे आली होती. आम्ही ती चालवून पाहण्यासही नकार दिला.

पैसे खर्च करण्यापूर्वी ड्रमला एक संधी द्यावी. ड्रम लेथवर साफ करून, चांगले शू घालून, त्यांची गोलाई ड्रमला जुळवून, नवी केबल टाकली तर बहुतेक मालक डिस्कचा विषय पुन्हा काढत नाहीत.

दुधाच्या कॅनसाठी मागे स्टँड करून मिळेल का?

आमच्या जिल्ह्यात गाडीवर होणारा हा सर्वांत जुना आणि सर्वांत उपयोगी बदल असावा, आणि त्यावर विचार मात्र सर्वांत कमी केला जातो. ४० लिटरच्या कॅनमधले दूध सुमारे ४१ किलो भरते. दोन कॅन म्हणजे ८२ किलो, कॅनचे वजन वेगळे. हे वजन मागच्या एक्सलच्या मागे जेवढे जाईल तेवढे पुढचे चाक हलके होते. बुलेटच्या दोन चाकांतील अंतर १,३७० मिमी आहे. कॅनचा मध्य एक्सलच्या २०० मिमी मागे असेल तर पुढच्या चाकावरचा सुमारे १२ किलो भार उचलला जातो, आणि ओल्या रस्त्यावर वळताना तेवढाच भार नेमका हवा असतो.

म्हणून स्टँड करायचा असेल तर कॅन एक्सलच्या पुढे सरकवावेत आणि शक्य तितके खाली आणावेत. अँगल लोखंडापेक्षा चौकोनी नळी घ्यावी. वजन फक्त मडगार्डच्या बोल्टवर टाकू नये, ते शॉकअपच्या वरच्या टोकाजवळ फ्रेमवर उतरले पाहिजे. कॅनच्या बुडाशी रबर द्यावे, त्यामुळे आवाज कमी होतो आणि पट्टीही टिकते. इंडिकेटर आणि नंबर प्लेट कॅनमागे झाकली जाऊ नये. रतीब घालताना एकाच बाजूचा कॅन आधी रिकामा करू नये, दोन्हींतून आलटून पालटून दूध काढावे. ही सूचना आम्हाला एका म्हाताऱ्या गवळ्याने दिली, आणि कोणत्याही वेल्डिंगपेक्षा तिने जास्त गाड्या सावरल्या असतील.

असा स्टँड काढता येण्याजोगा, बोल्टने बसणारा असावा. तो नियमात बसतो का याची चौकशी मालकाने आपल्या आरटीओत करावी. वजन लादून मागे माणूसही बसवू नये.

रंग, पावडर कोटिंग आणि क्रोम यांत काय निवडावे?

फ्रेम आणि स्टँडला पावडर कोटिंग, टाकी आणि मडगार्डला भट्टीतला रंग, असे आम्ही सुचवतो. कोटिंग साधारण १८० ते २०० अंशांवर भाजले जाते, म्हणून बेअरिंगच्या वाट्या, रबर बुश आणि ग्रीस काढूनच फ्रेम द्यावी. आट्यांत आणि इंजिन बसते त्या तोंडांवर थर येऊ देऊ नये, कारण तो थर पुढे दबतो आणि आवळलेला बोल्ट ढिला होतो. अर्थ वायरची जागा खरवडून मोकळी ठेवावी. एक्सल, स्प्रिंग आणि उच्च ताकदीचे बोल्ट गल्लीतल्या क्रोमच्या टाकीत बुडवू नयेत, कारण त्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते.

काढलेले मूळ पार्ट विकावेत का?

विकू नयेत. तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव लिहून ठेवावेत. पुनर्नोंदणीच्या वेळी, गाडी विकताना, किंवा तीन वर्षांनी आवड बदलल्यावर तेच लागतात. जुन्या मडगार्डचा पत्रा आज मिळणाऱ्या पत्र्यापेक्षा बहुधा जाड असतो, आणि तो एकदा भंगारात गेला की परत येत नाही.

गाडी तयार झाल्यावर लगेच लांबच्या प्रवासाला नेता येईल का?

पहिले ५० किलोमीटर गावातच, पाना जवळ ठेवून चालवावी. आम्ही प्रत्येक आवळलेल्या नट-बोल्टवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो, अर्धी बोल्टवर आणि अर्धी शेजारच्या धातूवर. ५०, २०० आणि ५०० किलोमीटरनंतर गाडी धुऊन, उजेडात उभी करून त्या रेघा पाहायच्या. रेघ सरळ असेल तर बोल्ट जागेवर आहे. रेघ मोडली असेल तर तो फिरला आहे, आणि तो केवळ पुन्हा आवळून चालत नाही. त्याच्याखालचा वॉशर, रंगाचा दबलेला थर किंवा ब्रॅकेटचा हेलकावा यांपैकी काय सुटले ते शोधावे लागते. एखादा मालक रविवारी सकाळी स्वतः टॉर्च घेऊन या रेघा तपासतो असे सांगतो, तेव्हा त्याची गाडी आम्ही निर्धास्तपणे आंबोलीला जाऊ देतो.